हळदीला नेलेला पातळ लॅपटॉप

बालाघाटला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातले लोक पहिला प्रश्न विचारतात, वाघ दिसला का? नाही दिसला. त्या जिल्ह्यात कान्हाचं जंगल आहे, मलाजखंडला तांब्याची खाण आहे, हे मलाही ठाऊक आहे. मी त्यातलं काही पाहिलं नाही. माझा सगळा प्रवास एका यूएसबीच्या भोकापायी गेला, आणि तेही असलेल्या नव्हे, नसलेल्या. त्याचा राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

कारण असं की माझी मामेबहीण इंदू गेल्या वर्षी गेली आणि या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. इंदूचं सासर वारासिवनीजवळच्या एका खेड्यात. मूळचे हे सगळे भंडाऱ्याकडचे, शेतीच्या मागे तिकडे गेलेले. सरकार मध्य प्रदेशाचं, भाषा घरात आपली, दाराबाहेर हिंदी. लग्नाआधी इंदूचा नवरा श्रीराम याचा फोन आला.

"भाऊ, तुमी ते आंधळ्या पोरायसाठी पुस्तकं रेकॉर्ड करता न जी? मंग आमच्या इंदूचं गाणं तेवढं काढून द्या."

गाण्याची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या गावात हळदीचं पहिलं गाणं नवरीच्या आईनं उचलायचं असतं. आईनं ओळ उचलल्याखेरीज एकही बाई तोंड उघडत नाही आणि हळदीला बोट लावत नाही. आपल्याकडे पुण्यात हळदीला पिवळे कपडे घालून फोटो काढतात आणि गाणी डीजे म्हणतो, त्यामुळे मला हे ऐकून बरं वाटलं. आई नसेल तर चुलती उचलते, आत्या उचलते. पण पल्लवी अडून बसली होती. काही वर्षांपूर्वी शेजारच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं इंदूला गाताना टिपलं होतं आणि त्या लग्नाचा पेन ड्राइव्ह इंदूच्या घरी होता. पल्लवीनं बापाच्या हातातून फोन घेतला.

"मामा, माही आई हाय न त्याच्यामंधी. मंग आत्यानं काहून उचलाव? आईच उचलन."

तो व्हिडिओ त्यांच्या टीव्हीवर चालत नव्हता. डीजेवाल्याच्या यंत्रात नुसती गाणी चालतात. त्यातून इंदूचा आवाज कापून काढायचा आणि मांडवात लावायचा, एवढंच माझं काम होतं. पुस्तकांची रेकॉर्डिंगं कापण्यात माझी सेवानिवृत्तीनंतरची वर्षं गेली आहेत. मी म्हटलं, चिंता करू नकोस पोरी, लॅपटॉप घेऊन येतो.

आता त्या लॅपटॉपविषयी. माझा जुना लॅपटॉप काळा, जाडजूड, आणि त्याच्या दोन्ही कुशींना मिळून इतकी भोकं की अर्धी कशासाठी आहेत ते मला कधीच कळलं नाही. पाच-सहा पुस्तकं भरल्यासारखी पाठीवरची पिशवी जड व्हायची. खांदा दुखायला लागला म्हणून मुलानं आग्रहानं नवा घ्यायला लावला. दुकानातल्या तरुणानं तो दोन बोटांत उचलून दाखवला. सगळा चंदेरी, कुठे खाच नाही, झाकण मिटलं की कुठून उघडायचं तेही चटकन कळत नाही. डाव्या अंगाला दोन बारकी लांबट भोकं, आणि बस. मी विचारलं, पेन ड्राइव्ह कुठे लावायचा? कानाला लावायची वायर कुठे खुपसायची? तो हसला. म्हणाला, "सर, आता हे कोण वापरतं? सगळं क्लाउडवर असतं."

खोटं कशाला बोलू, काही बाबतींत ते यंत्र चांगलं आहे. त्याला पंखा नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत नाही. पडदा स्वच्छ आहे. पुण्याला स्टेशनचा जिना चढलो तेव्हा पाठीवर काही आहे असं वाटेचना, आणि मी मनातल्या मनात मुलाला धन्यवाद दिले. ते मी आता परत घेतले आहेत. कारण गोंदिया यायच्या आधीच, गाडीत इयरफोन लावून काम करताना, या लॅपटॉपला जुन्या वस्तू जोडणारा अंगठ्याएवढा तुकडा माझ्या हातातून निसटून खालच्या बर्थच्या सांध्यात गेला होता. मी गुडघ्यांवर बसून बोटं घातली, पट्टी घातली, समोरच्या बाईंनी डोक्यातला आकडा काढून दिला. तो तुकडा आत दिसत होता आणि हाताला येत नव्हता. ज्या यंत्राची निम्मी कामं यंत्राबाहेरच्या एका गोळीएवढ्या वस्तूवर चालतात ते यंत्र हलकं आहे असं म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. वजन त्यांनी कमी केलेलं नाही, फक्त माझ्या खिशात ढकललं आहे.

गावात

गोंदियाहून बालाघाट, तिथून वारासिवनीची बस. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा पात्रात उन्हाळ्यातलं अर्धं पाणी होतं आणि अर्धी वाळू. वारासिवनीत भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत तरंगत होता आणि रस्त्याच्या कडेला पोत्यांवर माणसं आडवी झाली होती. तिथल्या मोबाइलच्या दुकानांत तो तुकडा मागितला. एका ठिकाणी नव्हता, दुसऱ्या ठिकाणी संपला होता.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. चिन्नोर तांदळाचा भात वाढला आणि त्याच्या वासानं माझा राग थोडा वेळ मागे सरला. आपण बासमती बासमती करतो, पण हा बारका दाणा शिजताना अंगणापर्यंत कळतो. बरोबर तुरीचं वरण, उडदाचे वडे आणि कैरीची चटणी. श्रीराम शेजारी बसून वाढायला लावत होता. इंदू असताना तो कमी बोलायचा, आता त्याहूनही कमी बोलतो. जेवण झाल्यावर उठला, देवघरात गेला आणि इंदूचा कुंकवाचा करंडा घेऊन आला. करंड्यात पेन ड्राइव्ह होता.

मी तो हातात घेतला, लॅपटॉप काढला, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. पेन ड्राइव्हचं तोंड रुंद, लॅपटॉपची भोकं बारकी. पल्लवी माझ्याकडे बघत होती.

"नाही जात?" तिनं विचारलं.

"नाही जात."

"एवढा महाग हाय, तरी नाही जात?"

मी गाडीत काय झालं ते सांगितलं. श्रीरामनं पेन ड्राइव्ह परत करंड्यात ठेवला. मी म्हटलं, उद्या सकाळी बालाघाटला जातो, हा बरोबर देता का, एखाद्या दुकानात तिथेच काम उरकून आणतो. त्यानं मान हलवली.

"नाई जी. हे घराच्या बाहीर नाई जाणार. बसमंधी पडलं-गिडलं त माह्याजवळ काय राह्यते मंग?"

तुकडा हरवून आलेल्या माणसाला तो आणखी काय सांगणार? त्याच्याजवळ इंदूचा तेवढाच आवाज होता.

बालाघाटचा बाजार

दुसऱ्या दिवशी दुपारी हळद होती. सकाळी लॅपटॉप माजघरात चार्जिंगला लावला आणि पहिल्या बसनं निघालो. बालाघाटच्या स्टँडवर पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर जिलबी ठेवून देतात, आणि आपल्याकडचा माणूस जसा आधी नाक मुरडतो तसं मुरडून मी दुसरी प्लेट मागवली. मग दुकानामागून दुकान. कुणी भलताच तुकडा दाखवी, कुणी दुपारून या म्हणे. शेवटी कचेरीच्या रस्त्याला एका दुकानात गल्ल्यावरच्या माणसानं मी बोलत असतानाच डबा उघडला.

"टाइप-सी से पेन ड्राइव्ह? मिलेगा अंकल."

"त्याच्यातून चार्जिंगही झालं पाहिजे. आणि स्पीकरची वायर."

"वो वाला हब नहीं है. नागपूर से मँगाना पड़ेगा." मग माझं मराठी त्याच्या डोक्यात शिरलं. "तुमी मराठी व्हय का जी? मंग बसा न. पाणी घ्या."

मी पाणी प्यालो आणि सगळा राग त्याच्यासमोर ओतला. त्यानं मनापासून ऐकून घेतलं.

"आमच्यासाठी चांगलं हाय जी हे," तो म्हणाला. "कंपनी लॅपटॉप इकते, अन् त्याचे भोकं आमी इकतो."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. माणूस नवी गाडी घेतो तेव्हा चाकं वेगळी घ्यावी लागत नाहीत. इथे यंत्र सडपातळ दिसावं म्हणून त्याचे अवयव काढून घेतात, तेच परत डब्यांत घालून विकतात, आणि वर सांगतात की हेच आधुनिक आहे. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, हौ जी, खरं हाय, आणि तुकडा पुडीत बांधून दिला.

हळद

परत आलो तेव्हा मांडव भरत आला होता. जांभळाच्या हिरव्या फांद्या, खाली शेणानं सारवलेलं अंगण, मधे पाट. गावात सकाळपासून वीज नव्हती, म्हणजे माझं चार्जिंग बुडालं होतं. डीजेवाल्याचा जनरेटर भिंतीमागे ठणठणत होता. मी माजघरात गेलो. वायर भिंतीला लोंबत होती आणि लॅपटॉप जागेवर नव्हता.

लॅपटॉप मांडवात होता. पाटाशेजारी ठेवलेला, झाकण मिटलेलं, त्यावर कालवलेल्या हळदीचा वाडगा, तेलाची वाटी, सुपाऱ्या आणि विड्याची पानं. श्रीरामची थोरली बहीण, जिला सगळं गाव कौसाआत्या म्हणतं, ती त्याच्यापुढे बसून वाडग्यात पळी फिरवत होती. वाडग्याच्या काठावरून हळद ओघळली होती आणि चंदेरी कडेवरून खाली उतरत होती.

मी ओरडलो. नुसतं "आत्याऽ!" एवढंच, पण जनरेटरच्या वर ऐकू गेलं. बायका वळल्या.

"काय झालं जी?" कौसाआत्या म्हणाली. "पितळी तबक नवरदेवाकडं गेलतं, ते आलंच नाई. हे चांदीचं घरात दिसलं, मंग घेतलं."

"अहो चांदीचं नाही ते! लॅपटॉप आहे!"

"लॅपटॉप?" तिनं वाडगा उचलला आणि खाली वाकून पाहिलं. "अरे बाप्पा! मंग याले बटनं कुठं हायेत?"

मी तिच्यावर काय चिडणार होतो? ती बाई बरोबर बोलत होती. हळदीला तबक लागतं, चंदेरी, सपाट, नवंकोरं तबक समोर होतं, आणि शुभकार्याला घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढायची असते. माझा जुना काळा लॅपटॉप जगातल्या कुठल्याही आत्याला तबक वाटला नसता. यंत्राला यंत्रासारखं दिसायची लाज वाटावी, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? त्या माणसाला मांडवात आणून कौसाआत्यापुढे बसवायला हवं होतं.

पुसून पाहिलं. यंत्र सुरू झालं. पण दोन भोकांपैकी एकात तेल आणि हळद गच्च बसली होती. काडी घालून, कापूस घालून, फुंकून झालं. ते भोक गेलं ते गेलं. बॅटरी तळाला आली होती. राहिलं एक भोक. त्यात चार्जर लावला तर पेन ड्राइव्ह लावता येत नाही, पेन ड्राइव्ह लावला तर चार्जर नाही. जुन्या यंत्राच्या कुशीत हे सगळं एकदम लागून वर जागा उरली असती.

आधी चार्जर लावला. जनरेटरचा करंट असा की दिवा लागे आणि विझे, बॅटरीचा आकडा हलेचना. आणलेला तुकडा मोबाइलला लावून पेन ड्राइव्ह पाहिला, मोबाइल म्हणाला ही फाइल उघडत नाही. तेवढ्यात नवरदेवाकडची उष्टी हळद घेऊन माणसं आली. ती आली की थांबता येत नाही, त्यांना तीच गाडी परत न्यायची असते. पल्लवी पाटावर येऊन बसली, पिवळी साडी, हात मांडीवर. बायका गोल करून बसल्या. कुणी हळदीला हात लावला नाही, कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

कौसाआत्या हळूच म्हणाली, "पोरी, मी उचलू का?"

पल्लवीनं मान हलवली. "मामा करून राह्यले न."

मामा करून राहिले होते. चार्जर उपटला. श्रीरामनं करंड्यातून पेन ड्राइव्ह काढून स्वतःच्या हातानं त्या तुकड्यात बसवला आणि तुकडा राहिलेल्या भोकात. कापायला आता वेळच नव्हता, सरळ व्हिडिओच लावायचा होता. डीजेच्या स्पीकरची वायर लावायला जागा नव्हती, आणि वायरीविना जोडायला गेलो तर स्पीकर डीजेवाल्याच्या मोबाइलला धरून बसला होता आणि डीजेवाला मोबाइल घेऊन जेवायला गेला होता. मी म्हटलं जनरेटर बंद करा. कुणीतरी पळालं. ठणठण थांबली आणि एकदम अंगणातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

व्हिडिओ पुढे ढकलत गेलो. परकी वरात, परकी पंगत, नाचणारी पोरं. कोपऱ्यात लाल अक्षरात बॅटरीचा इशारा. आणि मग एका मांडवात बायकांच्या घोळक्यात इंदू बसलेली दिसली, पदर खोचलेला, कुणाला तरी काहीतरी सांगून हसत असलेली. श्रीराम माझ्या मागे उभा होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

मी लॅपटॉप पल्लवीच्या पुढ्यात धरला. त्या पातळ यंत्राचा आवाजही पातळच. बायका पुढे वाकल्या, मागे बसलेल्या गुडघ्यांवर उठल्या. इंदूनं घसा साफ केला. तेही ऐकू आलं. आणि तिनं ओळ उचलली.

*जातं फिरव हळू गं बाई, हळद माही कोवळी,*
*लेक माही कालपरवा...*

पडदा काळा झाला.

मी बटण दाबलं. परत दाबलं. झाकण मिटून उघडलं. काळाच. त्या क्षणी मला ते यंत्र विहिरीत फेकावंसं वाटलं. इंदूचं अख्खं गाणं त्या पेन ड्राइव्हमध्ये होतं, तिची मुलगी समोर बसली होती, आणि मधे फक्त एक भोक कमी होतं. मी पल्लवीकडे बघू शकलो नाही. 

"...अंगणात खेळली," कौसाआत्या म्हणाली.

म्हणाली म्हणजे गाऊनच. बसक्या आवाजात, इंदूनं सोडलेल्या सुरावर. आणि मग सगळ्या बायका एकदम जाग आल्यासारख्या सुरू झाल्या. *लेक माही कालपरवा अंगणात खेळली.* पहिल्या हळदीचा हात पल्लवीच्या गालावर गेला, दुसरा कपाळावर, आणि पुढची ओळ, आणि पुढची. पल्लवी रडत होती आणि तिच्या गालावरची हळद कौसाआत्या परत परत लावत होती.

मी श्रीरामला म्हटलं, "माफ करा. अर्धीच ओळ लागली."

तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मला काही कळतच नाही.

"आईनं उचलाचंच असते जी," तो म्हणाला. "बाकीचं त बायाच म्हनतात. हरेक लग्नात."

मांडवात गाणं चढत होतं. मी तो मेलेला, पिवळा झालेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, रडत होतो आणि तितकाच चिडलेला होतो. माणसं एवढी चांगली असतात म्हणून या कंपन्यांची वाईट यंत्रं खपतात, हे मला तिथे बसून कळत होतं आणि त्यानं राग जास्तच वाढत होता. पल्लवीनं हळदीचा हात माझ्याकडे केला.

"मामा, इकडं या न. तुमाले लावाची राह्यली."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि गेलो.